फुकट कोण शिकवतं? पेडणे-डिचोलीच्या बिनफीच्या शिकवणीची गोष्ट



गेल्या महिन्यात आमच्या जावेची मुलगी घरी आली होती. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. चहा होईपर्यंत गप्प बसली, मग हळूच म्हणाली, "काकी, मॅथ्सची ट्युशन कुठे मिळेल? मला काहीच कळत नाही." मी म्हटलं, "वरच्या वर्गातल्या कोणाला विचारलंस का?" ती हसली. म्हणाली, "काकी, आता फुकट कोण शिकवतं?"

तिने सहज विचारलं, पण मला रात्रभर झोप नाही. कारण मी स्वतः फुकट शिकून पदवीधर झाले. माझं माहेर पेडणे तालुक्यातलं, मांद्रेच्या बाजूचं. सासर डिचोलीचं. दोन्हीकडे अशी शिकवणारी मुलं होती. त्यांची नोंद कुठल्या अहवालात सापडायची नाही. म्हणून आठवतं तेवढं लिहून ठेवते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात जरा मागून करते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून आमच्या भागाला नव्या काबिजादी म्हणतात. सरकारचा कारभार पोर्तुगीजमधून चालायचा, पण गावातलं शिक्षण मराठीतून, कोणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात, शेणैमामाच्या हाताखाली. माझे आजोबा असेच शिकले. ते सांगायचे, मास्तर एक आणि मुलं सगळ्या वयाची. मास्तर दोघा-तिघांना घेऊन बसायचे, बाकीच्या लहान मुलांना मोठी मुलं धुळाक्षरं गिरवायला लावायची. संध्याकाळचा परवचाही मोठ्या मुलानेच म्हणून घ्यायचा. पाढे, पावकी, निमकी, दिडकी सगळं तोंडपाठ. आजोबांना स्वतःचे पाढे पक्के कधी झाले? दुसऱ्याचे म्हणून घेताना. "चुकलो तर ल्हान पोरां हासतली, म्हणून पाठ केलां," असं ते म्हणायचे.

ही काही फक्त आमच्याकडची रीत नव्हती. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासला सैनिकांच्या मुलांच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. त्याने एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्या शाळेत तसं करायला नेमलेले शिक्षक तयार होईनात, तेव्हा त्याने ते काम एका मुलावर सोपवलं आणि ते जमलं. १७९७ साली त्याने लंडनला यावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडात गरिबांच्या कितीतरी शाळा या ‘मद्रास पद्धती’वर चालल्या. म्हणजे आपल्या ओसरीवरची रीत विलायतेला जाऊन नाव घेऊन आली. फरक एवढाच, की तिथे ती कमी पैशात जास्त मुलं शिकवायची युक्ती झाली. आपल्याकडे ती शेजारधर्मासारखी होती.

कॉलेजच्या मुलांनी स्वतः उठून फुकट शिकवल्याचं आपल्या लोकांतलं जुनं उदाहरण मुंबईचं आहे. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली एक साहित्य आणि शास्त्रविषयक सभा काढली. शास्त्रावर निबंध वाचायचे, चर्चा करायची. पुढच्या वर्षी याच तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवायला हेच, तेही सकाळी, आपलं काम सांभाळून आणि पगार न घेता. दादाभाई नवरोजी त्यांच्यातलेच. या सभेशी आणि मुलींच्या शाळांशी पुढे जे जवळून जोडले गेले ते डॉक्टर भाऊ दाजी लाड, आपल्या पेडणे तालुक्यात जन्मलेले. मुंबईत त्यांच्या नावाचं म्युझियम पाहायला आपण जातो, पण हे आपल्या मुलांना सांगत नाही.

गोव्यातही पैसा नसताना शिक्षण उभं करायची सवय होती. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. नावातच सगळं आलं. घरटी मूठभर तांदूळ, त्यातून शाळा. मूठ लहान म्हणून कोणी लाजलं नाही.

तरी विज्ञानाची पदवी हवी तर गोव्याबाहेरच जावं लागायचं. १९६१ पर्यंत इथे लिसेव होतं, मेडिकल स्कूल होतं, पण बी.एस्सी.चं कॉलेज एकही नव्हतं. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज सुरू झालं, १९६३ साली म्हापशाला सेंट झेवियर्स. त्याच काळात भाऊसाहेब बांदोडकरांनी, तेही मूळ पेडण्याचेच, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरात कोणी सही करत नव्हतं तिथली पोरं शाळेत गेली. माझी आई त्याच लाटेत दोन इयत्ता शिकली आणि मी त्याच शाळेत चौथी झाले.

आता मुद्द्यावर येते. चौथीपर्यंत सगळं मराठीतून. पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी, पण समजावून सांगणार आपल्याच भाषेत. ‘फोर्स म्हणजे बळ, बाबांनो’ असं. त्यामुळे दहावी, बारावी निभावली. मार्कही बरे पडले. आणि मग कॉलेजात एकदम सगळं इंग्रजीतून, तेही बसच्या वेगाने. शिकवणाऱ्यांचा दोष नव्हता. शंभर मुलांचा वर्ग, तास पाऊण तासाचा, पोर्शन संपवायचा असतो. दोष म्हणायचा तर मधली पायरीच बांधलेली नव्हती.

१९८६ च्या जूनमध्ये मी पहिल्या वर्षाला गेले. गोवा विद्यापीठ सुरू होऊन वर्षच झालं होतं, त्याआधी आमची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. साखळीचं सरकारी कॉलेज तेव्हा सुरू व्हायचं होतं. शिवोली-चोपडे पूल नव्हता. घरून चालत धक्क्यावर, मग फेरीबोट, पलीकडे शिवोलीहून बस. पावसात फेरी उशिरा आली की पहिला तास गेलाच. आणि पहिला तास नेमका मॅथ्सचा.

पहिल्या चाचणीत मला मॅथ्समध्ये ४० पैकी ९ मिळाले. फिजिक्समध्ये ११. बारावीला गणितात पंचाऐंशी घेतलेली मुलगी मी. आज हसू येतं, पण तेव्हा ‘रिझॉल्व्ह द व्हेक्टर’ म्हणजे ‘पुन्हा एकदा सॉल्व्ह कर’ असं मी समजत होते. सॉल्व्ह करून झालं, मग पुन्हा का करायचं, हेच कळेना. ‘फंक्शन’ म्हणजे माझ्या मते हॉलमध्ये होतं ते. शेजारी विचारायची लाज वाटायची. शेजारची पण मला विचारायला लाजत होती, हे नंतर कळलं.

तो पेपर घेऊन मी फेरीच्या कठड्याशी उभी राहून रडत होते. आमच्याच बाजूची एक ताई होती, दुसऱ्या वर्षाला. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. ती जवळ आली. "काय जालां गो, रडतंस कित्याक?" मी पेपर दाखवला. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "फेरीचं नाक बघ कुठे आहे."

मी पाहिलं. सुकतीची वेळ होती, पाणी दर्याकडे ओढत होतं. फेरीवाल्याने नाक धक्क्याकडे धरलं नव्हतं, धक्क्याच्या बरंच वर, पाण्याच्या विरुद्ध धरलं होतं. पण बोट चालली होती सरळ धक्क्याकडे. ताई म्हणाली, "इंजिनचा जोर एकीकडे, पाण्याची ओढ दुसरीकडे, आणि आपण जातो तिसरीकडे. आता फेरीच्या जोराचे दोन भाग कर. एक भाग पाण्याची ओढ मारतो, दुसरा आपल्याला पलीकडे नेतो. एका बाणाचे दोन बाण करायचे, त्यालाच रिझॉल्व्ह म्हणतात."

नदी ओलांडायला लागतात पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात माझं तीन महिन्यांचं अडलेलं सुटलं.

मग दर रविवारी आम्ही देवळाच्या अग्रशाळेत बसायला लागलो. आधी तिघी, मग सात-आठ जण झालो. धारगळ, पार्से, मोरजीकडची मुलं सायकलवरून यायची. बसायला चटई, वर एक ट्यूबलाइट, फळा नाही. जमिनीवरच खडूने लिहायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. माझ्या आईने एकदा ताईसाठी चार नारळ दिले, ते तिने परत पाठवले. फी नव्हती. पण तीन अटी होत्या.

पहिली, कोरी वही घेऊन यायचं नाही. स्वतः करून बघायचं आणि कुठे अडलं ती ओळ दाखवायची. दुसरी, उत्तर कोणी कोणाला सांगायचं नाही, फक्त पुढची पायरी विचारायची. ‘आता काय करशील?’ एवढंच. तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची, पुढच्या वर्षी तू कोणाला तरी शिकवायचं. ताईचं ऋण ताईला फेडायचं नाही, खालच्या वर्गात फेडायचं. तिलाही कोणीतरी असंच शिकवलं होतं म्हणे.

केमिस्ट्रीचा मोल आम्हाला एका काजूवाल्याच्या मुलाने शिकवला. तो म्हणाला, "आमच्याकडे काजूच्या बिया मोजत कोणी बसतं का? पोतं तोलतात. शंभर बियांचं वजन एकदा काढलं की पोत्यात किती बिया ते वजनावरून सांगता येतं. अणू तर दिसतसुद्धा नाहीत, मग तोलूनच मोजायचे." बारा ग्रॅम कार्बन म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके अणू, हे आम्ही बारावीला पाठ केलं होतं. त्या दिवशी पटलं. डेरिव्हेटिव्ह बसवरून कळलं. पेडण्याहून म्हापशाला पोचायला लागलेल्या वेळावरून निघते ती सरासरी, आणि ड्रायव्हरसमोरचा काटा दाखवतो तो या क्षणाचा वेग. तो या क्षणाचा वेग काढायचा कसा, तेवढंच पुस्तक सांगतं.

तेव्हा गोव्यात भाषेचं आंदोलन पेटलेलं होतं. डिसेंबरात बस बंद, रस्ते बंद. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, मे महिन्यात घटक राज्य. घराघरांत वाद होते, आमच्याही. आमच्या चटईवर मात्र इंग्रजी पुस्तक, मराठी पाढे आणि पेडणेकरी बोली एकाच वाक्यात यायची. आकडेमोड मनातल्या मनात मराठीत, ‘सात आठ्ठे छप्पन’ म्हणतच. आजही मी हिशेब तसाच करते.

मी पहिलं वर्ष पास झाले. दुसऱ्या वर्षाला असताना अट पाळली, दोघींना शिकवलं. आणि खरं सांगते, मॅथ्स मला तेव्हाच समजलं. पास झाले होते ताईमुळे, समजलं शिकवल्यामुळे. समोरची ‘पण का?’ म्हणते तेव्हाच आपलं कच्चं कुठे आहे ते दिसतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला एवढी वर्षं लागली.

तिसऱ्या वर्षाला मी दहावीच्या मुलांच्या पैशाच्या ट्युशन घेऊ लागले होते. घरी गरज होती, त्यात वाईट काही नाही. त्या वर्षी पहिल्या वर्गात डिचोली तालुक्यातली एक मुलगी होती. वडील खाणीवर कामाला. गावातून सायन्सला गेलेली पहिलीच मुलगी. अस्नोड्यावरून बसने यायची. एकदा लायब्ररीत माझ्याकडे वही घेऊन आली. "ताई, तुका वेळ आसा?" मी वही उघडून बघितली. चार गणितं तिने केली होती. रीत सगळी बरोबर, फक्त शेवटी विचारलेल्या बिंदूवरची किंमत घालायची राहिली होती, कारण प्रश्नातली इंग्रजी ओळ तिला लागली नव्हती. दहा मिनिटांचं काम होतं. मला बस पकडायची होती, ट्युशनची मुलं वाट बघत होती. मी म्हटलं, "दिवाळी होऊ दे, मग बसू."

दिवाळीनंतर ती आलीच नाही. कॉलेज सोडलं असं कळलं. पुढच्या वर्षी लग्न झालं.

लग्नानंतर मी डिचोलीला आले. दहा-बारा वर्षांनी बाजारात ती भेटली. तिनेच ओळखलं. हसून म्हणाली, "सायन्स आमच्या डोक्याचं नव्हतं गो, म्हणून सोडलं." मला त्या वहीतली चार गणितं आठवत होती. मी काही बोलले नाही. भाजीचे भाव बोललो आणि घरी आले.

मंडळी, नापास होणं एकवेळ ठीक. पण आपलंच डोकं कमी असं समजून माणूस आयुष्यभर जगतो, ते वाईट.

नंतर वाचनात आलं की जगात लोकांनी याचा नीट विचार केला आहे. १९७३ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात डियाना मार्टिन यांनी एक पद्धत सुरू केली. त्यांनी ‘कच्ची मुलं’ निवडली नाहीत, कठीण विषय निवडले. ज्या विषयात जास्त मुलं अडतात, त्या वर्गाला आदल्या वर्षी तो विषय नीट पार केलेला विद्यार्थी जोडून दिला. जो येईल त्याला मोकळं. त्यामुळे तिथे जाण्यात कोणाला कमीपणा राहिला नाही. आमच्या ताईचीच रीत, फक्त तिथे विद्यापीठ पाठीशी होतं.

कॅलिफोर्नियात बर्कलीला युरी ट्राइसमन यांनी सत्तरच्या दशकात पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये काही मुलं मेहनत करूनही मागे पडतात. लोकांना वाटायचं घरचं वातावरण, तयारी कमी. त्यांनी मुलांमध्ये राहून बघितलं तर फरक वेगळाच निघाला. पुढे जाणारी चिनी वंशाची मुलं एकत्र बसून गणितं तपासायची, एकमेकांच्या चुका काढायची. मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं अभ्यास एकट्याने, खोलीत करायची. त्यांना एकत्र बसवून अवघड गणितं दिल्यावर निकाल बदलले. हे वाचताना मला ती बसमध्ये एकटी वही मांडीवर घेऊन बसलेली दिसली.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि स्वखुशीने. चांगलं आहे. पण स्वखुशी परिपत्रकाने येत नाही. ती घरात बोलली जावी लागते.

आज सोयी वाढल्या. साखळीच्या सरकारी कॉलेजात विज्ञान आहे. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं सरकारी कॉलेज झालं, तिथे कला आणि वाणिज्य. शिवोलीला पूल झाला, मोपाला विमानतळ आला. मोबाइलवर कुठलंही गणित सोडवून मिळतं. तरी जावेची मुलगी रडवेली होऊन येते. कारण व्हिडिओ तिला विचारत नाही, ‘कुठल्या ओळीवर अडलंस?’ आणि ट्युशनच्या फीमध्ये तिसरी अट नसते.

तिच्या प्रश्नानंतर दोन गोष्टी केल्या. एक, त्या मैत्रिणीच्या घरी गेले. आता तिला मैत्रीणच म्हणते. सगळं सांगितलं, वहीतली चार गणितं, बस, ट्युशन, दिवाळी. "तुझं बरोबर होतं. एक ओळ वाचायची राहिली होती. मला ते दिसलं होतं." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा सांगायचं होतंस गो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तिने चहा केला. निघताना म्हणाली, "त्या पोरीला सांग, दिवाळीपर्यंत थांबू नकोस."

दुसरी गोष्ट, तो निरोप पोरीला दिला आणि ट्युशनच्या आधी वरच्या वर्गात विचारायला लावलं. चार दिवस टाळलं, मग विचारलं. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी लगेच हो म्हणाली. ‘मला कोणी विचारलंच नव्हतं,’ म्हणाली. आता शनिवारी दोघी-तिघी आमच्या ओसरीवर बसतात. मी चहा देते आणि पोह्यांचं बघते. मॅथ्स माझं आता गंजलंय, पण अट मात्र मीच सांगितली. पुढच्या वर्षी तू कोणाला तरी शिकवायचं.

तुमच्या घरात बी.एस्सी., इंजिनिअरिंग, फार्मसी झालेलं, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेलं कोणी असेल तर त्यांना आज एवढंच विचारा, खालच्या वर्गातलं कोण अडलंय? आणि तुम्हाला कोणी असं शिकवलं असेल, फेरीवर, बसमध्ये, देवळात, वसतिगृहात, तर ते लिहा. नाव नको असेल तर नको. पण मुलांना कळू दे, की फुकट शिकवणारी माणसं होती, आणि ती आपल्याच गावची होती.